अनामिका

(आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील यंदाच्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



हाताच्या पाच बोटांपैकी चारांना नावं आहेत: अंगठा, तर्जनी, मध्यमा, करंगळी. पाचव्याला आपण अनामिका म्हणतो. म्हणजे नाव नाही, हेच तिचं नाव. संस्कृतात कालिदासाच्या स्तुतीचा एक जुना श्लोक आहे. कवींची मोजणी सुरू झाली, करंगळीवर कालिदास मोजला गेला आणि पुढच्या बोटासाठी त्याच्या तोडीचं नावच सापडेना. म्हणून त्या बोटाचं अनामिका हे नाव सार्थ ठरलं, असा त्याचा आशय. शाळेत हा श्लोक ऐकला तेव्हा मला एक बालिश शंका आली होती. मोजायला बसला होता कोण? आणि त्यानं कुठे कुठे पाहिलं होतं?

आज ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या बाई आम्हाला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवत. प्रत्येक जयंती-पुण्यतिथीला दर्शनी फळ्यावर त्या रंगीत खडूनं चित्र काढत. लोकमान्य, महात्मा फुले, सावित्रीबाई. दुसऱ्या दिवशी शिपाई ओल्या फडक्यानं फळा पुसत असे, कारण सुविचार लिहायचा असे. त्या चित्रांखाली सही कधी नव्हती आणि ती नाही, हे आमच्याही कधी लक्षात आलं नाही. ती मोजणीची शंका आणि ही नसलेली सही, या दोन गोष्टी मनात ठेवून आज मी एका पुरस्काराबद्दल बोलणार आहे. तो अमेरिकेतला आहे, आणि त्याचं नावच मुळी 'अॅनॉनिमस वॉज अ वुमन' असं आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर, अनाम होती ती बाई होती.

हे नाव व्हर्जिनिया वुल्फच्या विचारातून आलं. 'अ रूम ऑफ वन्स ओन' हे तिचं पुस्तक १९२९ साली आलं, पण ते मुळात होतं व्याख्यान. ऑक्टोबर १९२८मध्ये केंब्रिजच्या न्यूनम आणि गर्टन या मुलींच्या कॉलेजांत ती बोलली, त्यातून पुस्तक झालं. ज्या असंख्य गाण्यांखाली कवीचं नाव नाही, ती लिहिणारा 'अनाम' बहुतेक वेळा बाई असावी, असा तर्क तिनं त्यात मांडला. बाईला लिहायचं असेल तर स्वतःची खोली हवी आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत, हे तर सर्वांना ठाऊक आहे. पण ते पाचशे पौंड आले कुठून, हे फार कुणाच्या ध्यानात राहत नाही. पुस्तकातल्या निवेदिकेला ते वारसा म्हणून मिळतात, एका आत्याकडून. ही आत्या हवा खायला घोड्यावरून निघालेली असताना पडून वारली. आणि कुठे? मुंबईत! आत्या काल्पनिक आहे, पण वुल्फला प्रत्यक्षातही तिची आत्या कॅरोलिन एमिलिया स्टीफन हिच्याकडून १९०९ साली अडीच हजार पौंड मिळाले होते. बाईच्या स्वातंत्र्याचा हा जगप्रसिद्ध हिशेब एका आत्यापासून सुरू होतो, ही गोष्ट हाताशी ठेवा. आपण तिच्याकडे परत येऊ.

आता मोजणीकडे. जानेवारी १९७१मध्ये लिंडा नॉक्लिन या कला-इतिहासकार बाईंनी 'आर्टन्यूज'मध्ये एक लेख लिहिला. थोर स्त्री-चित्रकार का झाल्या नाहीत, हाच लेखाचा प्रश्न होता. उत्तर देताना त्यांनी विस्मृतीतल्या चार नावांची यादी पुढे केली नाही. त्यांनी विचारलं, चित्रकार घडतो कसा? शिक्षण कोण देतं, नग्न मॉडेलसमोर बसून अभ्यास करायची परवानगी कुणाला असते, पदक कोण देतं?

याचं उत्तम चित्र, अगदी अक्षरशः चित्र, लंडनमध्ये आहे. तिथली रॉयल अकादमी १७६८ साली स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत दोन बायका होत्या, अँजेलिका काउफमान आणि मेरी मोझर. पुढे योहान झोफनीनं अकादमीच्या सभासदांचं सामूहिक चित्र काढलं. बहुतेक सभासद नग्न पुरुष-मॉडेलभोवती जमले आहेत. आता या दोघींना तिथे उभं कसं करायचं? झोफनीनं त्यांना चौकटीत घालून भिंतीवर टांगलं. त्या सभासद आहेत, पण तसबिरीतल्या! त्यांच्यानंतर पूर्ण सभासद म्हणून निवडून आलेली पहिली बाई लॉरा नाइट. साल १९३६.

या पार्श्वभूमीवर आपला पुरस्कार १९९६ साली सुरू झाला. अमेरिकेत 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द आर्ट्स' ही सरकारी संस्था एकेकट्या कलाकारांना थेट अनुदान देत असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस काही छायाचित्रांवरून, काही नाट्यप्रयोगांवरून तिथल्या संसदेत गदारोळ झाला. करदात्यांच्या पैशात हे असलं काही चालणार नाही, अशी ओरड झाली. परिणाम असा, की नव्वदच्या दशकाच्या मध्यावर चित्रकार-शिल्पकारांना व्यक्तिशः मिळणारी ती मदत बंद पडली. सरकारी नळ बंद झाल्यावर आधी कुणाची घागर कोरडी राहते, हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. त्याच सुमाराला काही कलावतींना पत्रं जाऊ लागली. तुम्हाला पंचवीस हजार डॉलर दिले जात आहेत, असं त्यांत लिहिलेलं होतं. देणाऱ्याचं नाव कुठेही नव्हतं.

मला वाटतं, कुठल्याही पुरस्काराचं मानपत्र वाचू नये, नियमावली वाचावी. मानपत्रात विशेषणं असतात, नियमावलीत देणाऱ्याची नजर असते. या पुरस्काराचे नियम थोडके आहेत. मानकरी अमेरिकेत राहणारी बाई असावी. तिचं वय चाळिशीच्या पुढचं असावं. तिनं अर्ज करायचा नाही, तिचं नाव दुसऱ्या कुणीतरी सुचवायचं आणि सुचवणाऱ्यांची नावंही गुप्त राहतील. पैसा कसा खर्च केला हे कुणी विचारणार नाही. एकेका नियमामागे एकेक अडथळा आहे.

चाळिशीचा नियम आधी घेऊ. कलेच्या जगाला तरुण फार आवडतात. उदयोन्मुख हा तिथला लाडका शब्द. ब्रिटनमधल्या टर्नर पुरस्काराला १९९१पासून पन्नास वर्षांची वयोमर्यादा होती. २०१७ साली ती उठवली आणि त्याच वर्षी त्रेसष्ट वर्षांच्या लुबैना हिमिड यांना तो पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. दार उघडायचा अवकाश, बाई उंबऱ्यावरच उभी होती! वयोमर्यादा कागदावर सर्वांना सारखी असते, पण वय सर्वांचं सारखं खर्च होत नाही. पंचविशी ते चाळिशी या वर्षांत कोण ब्रश धुतं आणि कोण दुधाच्या बाटल्या धुतं, याचा हिशेब वयोमर्यादा ठरवणाऱ्यांनी केलेला नसतो.

आपल्या अमेरिकी पुरस्काराच्या मानकऱ्यांत लॉरेन ओ'ग्रेडी आहेत. त्यांनी सरकारी खात्यात गुप्तवार्ता-विश्लेषक म्हणून नोकरी केली, भाषांतरं केली, रॉक संगीतावर लिहिलं. १९८० साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, पांढऱ्या हातमोज्यांच्या १८० जोड्या शिवून केलेला झगा घालून त्या न्यूयॉर्कच्या एका गॅलरीत शिरल्या आणि कलाकार म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्या कामाचं पहिलं सिंहावलोकनी प्रदर्शन ब्रुकलिन म्युझियममध्ये भरलं २०२१ साली. तेव्हा त्या शहाऐंशी वर्षांच्या होत्या. दुसऱ्या मानकरी एमी शेराल्ड, मिशेल ओबामांचं अधिकृत व्यक्तिचित्र काढणाऱ्या. ते चित्र २०१८मध्ये लोकांसमोर आलं. पण अडतिसाव्या वर्षापर्यंत त्या हॉटेलात टेबलावर ताटं पोचवत होत्या. घरच्या आजारपणांसाठी मधली काही वर्षं चित्रं बाजूला ठेवली होती, आणि एकोणचाळिसाव्या वर्षी स्वतःच्याच हृदयाचं प्रत्यारोपण झालं. तिशीच्या आतलं जग पाहणाऱ्या परीक्षकांना या दोघी दिसल्याच नसत्या.

दुसरा नियम, अर्ज नको. आपल्याकडे पुरस्कारासाठी अर्ज करायचा म्हणजे काय, हे इथल्या कलाकारांना माहीत आहे. तीन प्रतींत माहिती, कात्रणं, शिफारसपत्रं, आणि वर 'आपला विश्वासू'. स्वतःबद्दल चांगलं लिहायचं हे एक कसब आहे आणि मुलींना लहानपणापासून नेमकं त्याच्या उलट शिकवलं जातं. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये, हे वाक्य तुमच्या-माझ्या घरी कुणाला उद्देशून बोललं जायचं, आठवा. इथे मात्र दुसऱ्या बाईनं तिचं नाव घ्यायचं. सुचवणाऱ्यांत कला-इतिहासकार, संग्रहपाल, लेखिका, पूर्वीच्या मानकरी. उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायची सवय लावलेल्या समाजातून आलेली मी, बायकांनी बायकांचं नाव घेण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

तिसरा नियम, हिशेब नको. त्या पैशातून कुणी स्टुडिओचं भाडं भरो, कुणी कर्ज फेडो, कुणी दात बसवून घेवो. वरवर हा उदारपणा वाटेल. मला तो व्यवहारीपणा वाटतो. चित्र फक्त रंगांनी होत नाही, ते मोकळ्या दुपारींनी होतं, आणि मोकळी दुपार विकत घ्यावी लागते. कुणाला स्वयंपाकाला बाई ठेवून, कुणाला नोकरीतून बिनपगारी रजा घेऊन.

आता चौथी गोष्ट. ती नियमावलीत नव्हती, पण ती साऱ्या नियमांच्या मुळाशी होती. देणारी कोण? बावीस वर्षं कुणाला कळलं नाही. तोवर २२० कलावतींना मिळून पंचावन्न लाख डॉलर दिले गेले होते. जुलै २०१८मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'मधून उलगडा झाला. त्या होत्या सुझन उंटरबर्ग, सत्त्याहत्तर वर्षांच्या, स्वतः छायाचित्रकार. स्वतःही चाळिशीनंतरच्या कलावतीचे हाल पाहिलेल्या. नाव का लपवलं? आपण दानशूर आहोत हे कळलं की आपल्या छायाचित्रांकडे लोक निखळ नजरेनं पाहणार नाहीत, ही त्यांची भीती. भीती रास्त होती. आणि मग नाव उघड का केलं? तर कलावतींच्या बाजूनं आता उघडपणे बोलता यावं म्हणून.

आणि हा पैसा आला कुठून? वडिलांकडून, वारशानं. म्हणजे पुन्हा वुल्फच्या आत्यापाशीच आलो! कुणाला आत्याकडून, कुणाला वडिलांकडून. पण बाईच्या हाती स्वतःचा पैसा यायला कुणीतरी वाटा द्यावा लागतो. आपल्याकडे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४मध्ये केली, देशभर ती २००५मध्ये आली. आणि तरी तहसील कचेरीच्या बाहेर हक्कसोडपत्रं टंकलिहून देणाऱ्यांचा धंदा मंदावलेला नाही. राखीपौर्णिमेला साडी घेऊन वाट्यावर सही करणारी बहीण आपल्याला प्रेमळ वाटते. कला-अकादम्यांतल्या भेदभावावर बोलताना आपण या सहीबद्दलही बोललं पाहिजे. जिनं सही करून दिली ती पुढे कुणाची आत्या व्हायची, कुणाला पाचशे पौंड द्यायची, ती साखळीच तिथे तुटते.

वारसा फक्त पैशाचा नसतो. मुंबईतल्या पहिल्या प्रशिक्षित स्त्री-चित्रकारांची नावं काढा. अंबिका धुरंधर, म्हणजे रावबहादूर धुरंधरांची मुलगी. अँजेला त्रिंदाद, म्हणजे गोव्याहून आलेल्या चित्रकार ए. एक्स. त्रिंदाद यांची मुलगी. दोघींची गुणवत्ता वादातीत आहे. पण रंगांचा वास, मॉडेल, स्टुडिओ, हे त्यांना घरातच मिळालं. नॉक्लिनबाईंचंही युरोपबद्दल हेच निरीक्षण होतं, की नाव मिळवलेल्या बहुतेकींचे वडील चित्रकार होते. ज्यांचे वडील चित्रकार नव्हते त्यांचं काय, हा प्रश्न आहे, आणि पुरस्कार हे त्याचं एक उत्तर. वडिलांच्या जागी उभा राहणारा अनोळखी वारसा.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि म्हणावंच, की बायकांसाठी वेगळा पुरस्कार म्हणजे लोकलमधला लेडीज डबा. अमृता शेरगिलला १९३७ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं, तीन मुलींच्या चित्रासाठी, ते खुल्या स्पर्धेत. तिला कुठे वेगळा डबा लागला? याच १९९६ साली इंग्लंडमध्ये कादंबरीकार स्त्रियांसाठी ऑरेंज पुरस्कार पहिल्यांदा दिला गेला. १९९१च्या बुकरच्या अंतिम यादीतले सहाच्या सहा पुरुष पाहून त्याची कल्पना निघाली होती. तेव्हा ए. एस. बायट या मोठ्या लेखिकेनं कडाडून विरोध केला, आपली पुस्तकं त्या पुरस्कारासाठी पाठवू नयेत असंही सांगितलं. गंमत म्हणजे त्या पुरस्काराच्या रकमेची तजवीजही एका निनावी देणगीतूनच झाली होती.

मला बायटबाईंचा मुद्दा कळतो. कुठल्याही कलावतीला आपण आधी चित्रकार असावं आणि मग बाई, असं वाटणारच. पण लेडीज डब्यातून रोज जाणारी बाई तिथे राहायला जात नाही, ती कामावर पोचायला जाते. डब्याची उपयुक्तता ठरवायची ती ती वेळेवर पोचली का, यावरून. चित्रकार नलिनी मलानींनी १९७९मध्ये न्यूयॉर्कची ए.आय.आर. गॅलरी पाहिली, बायकांनी स्वतः मिळून चालवलेली. तसं काही इथे करावं हे डोक्यात घेऊन त्या मुंबईला परतल्या. प्रत्यक्षात यायला १९८७ उजाडलं. अर्पिता सिंह, नीलिमा शेख, माधवी पारेख आणि मलानी अशा चौघींचं प्रदर्शन गावोगाव फिरलं. आज या चौघींना भारतीय चित्रकार म्हणतात, मागे 'महिला' लावावं लागत नाही. ते विशेषण गळून पडायला आधी एकदा एकत्र बसावं लागलं.

आता आपल्या भिंतीकडे येते. डहाणू-तलासरी भागात वारल्यांच्या लग्नात देवचौक लिहिला जातो. 'काढला' नाही, लिहिला. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं, मध्यभागी पालघट देवी. हा चौक लिहिण्याचा मान परंपरेनं सवासिनींचा. पिढ्यानपिढ्या बायकांनी ती भिंत लिहिली, आणि एकीचंही नाव आपल्याला ठाऊक नाही. सत्तरच्या दशकात ही चित्रं कागदावर आली, शहरात आली, आणि जगभर नाव झालं ते जिव्या सोमा मशे यांचं. त्यांची प्रतिभा अस्सल होती. १९७६चा राष्ट्रीय पुरस्कार, २०११ची पद्मश्री, सारं त्यांनी कमावलेलं. प्रश्न त्यांचा नाहीच.

प्रश्न असा, की चित्रकार भास्कर कुलकर्णी, ज्यांनी वारली चित्रं दिल्लीपर्यंत नेली, तेच आधी बिहारमध्ये मिथिलेत गेले होते. दुष्काळ पडला होता, पुपुल जयकरांनी त्यांना पाठवलं होतं. तिथेही बायका लग्नघराच्या भिंती रंगवत. कुलकर्णींनी त्यांच्या हाती कागद दिला, आणि तिथून नावं आली. जगदंबादेवी, सीतादेवी, गंगादेवी. तिघीही पुढे पद्मश्री झाल्या. नेणारा एक, कागद सारखाच. एका ठिकाणी बायकांना नाव मिळालं, दुसऱ्या ठिकाणी आधी पुरुषाला. असं का झालं, याचं एकच कारण सांगता येणार नाही. पण मला एक दिसतं. भिंत विकता येत नाही, म्हणून तिला सही लागत नाही. कागद विकता येतो, म्हणून त्यावर नाव लागतं. भिंतीकडून कागदाकडे जाण्याच्या त्या वाटेवर, बाजारापर्यंत कोण जाऊ शकतं, मुक्कामाला शहरात कोण राहू शकतं, यावर सही कुणाची ते ठरतं.

म्हणून निनावीपण दोन तऱ्हांचं असतं. उंटरबर्गबाईंनी नाव लपवलं, कारण त्यांच्याकडे लपवण्याइतकं नाव होतं. सवासिनीचं निनावीपण तिनं निवडलेलं नव्हतं. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आमच्या बाईंचंही तसंच. या पुरस्काराची खरी खुबी मला यात दिसते, की एका बाईनं स्वतःहून निनावी होऊन दुसरीचं लादलेलं निनावीपण काढून घेतलं. अनामिकेच्या जागेची अदलाबदल झाली, बस.

आणि अंगठी आपण त्याच बोटात घालतो, ज्याला नाव नाही. हे मी मुद्दाम जुळवलेलं नाही, पण लग्नानंतर नाव कुणाचं बदलतं, याचा विचार घरी जाताना करून बघा.

शेवटी या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. दरवर्षी तुम्ही वक्त्याला शाल, श्रीफळ आणि एक पाकीट देता. शाली आमच्याकडे पुरेशा झाल्या आहेत. पुढच्या वर्षीपासून ते पाकीट या जिल्ह्यातल्या चाळिशीपुढच्या एखाद्या चित्रकार बाईला द्या. अर्ज मागवू नका. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनींना विचारा, त्यांना नावं माहीत असतील. हिशेब मागू नका. सुरुवात म्हणून माझं आजचं पाकीट मी टेबलावरच ठेवून जाते आहे. ही गोष्ट छापील पाठातून गाळावी, असं मी कार्यवाहांना सांगणार आहे. त्यांनी गाळली नाही तर तो दोष त्यांचा. मात्र ज्या बाईला ते पाकीट जाईल तिचं नाव छापा, आणि छापण्याआधी तिच्या नावाचं शुद्धलेखन तिलाच विचारून तपासा.